मी तर काहीच बदललं नव्हतं

मार्च संपत आला होता आणि मी ताईकडे आंजर्ल्याला गेले होते. पडवीत पहिल्या तोडीचा आंबा पेंढ्यात घातलेला, सगळ्या घरात तो उबदार आंबूस-गोड वास, भावोजी एकेक फळ उचलून देठाशी अंगठ्याने हलकं दाबून बघतायत, आणि माझी भाची सायली लॅपटॉप मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली. तिने गेल्या वर्षी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी म्हणून घरच्या आंब्याच्या ऑर्डरी घ्यायला एक छोटी साईट बनवली होती आणि ती इतकी बरी चालली की यंदा भावोजींनी वहीच ठेवली नाही. तेवढ्यात पुण्याहून एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. पावतीवर पेटी पोचायची तारीख ०४/०५ आलीये, म्हणजे ४ मे का हो, आमच्याकडे तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुंज आहे. पेटी जाणार होती ५ एप्रिलला. दिवस आणि महिना उलटे छापले गेले होते, आणि पहिल्या सगळ्या ऑर्डरी एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यातल्या असल्यामुळे उलट्या झालेल्या तारखाही खऱ्याच वाटत होत्या, एखादी १८ एप्रिलची असती तर ०४/१८ बघून कुणालाही लगेच कळलं असतं. सायलीचा चेहरा उतरला. म्हणाली, मावशी, मी फक्त डझनाचा भाव बदलला गं. बाकी मी तर काहीच बदललं नव्हतं.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण ते शब्दशः खरं होतं. गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलचा, लॉग काढून बघितला तर गेल्या जूननंतर एकच कमिट, म्हणजे एकच नोंदवलेला बदल, एकच ओळ, जुना भाव जाऊन नवा भाव. तारखेच्या कोडला हातही लागलेला नव्हता. कोड तोच, लिहिणारी तीच, साईट तीच, आणि तरी पावती चुकली. मी इतकी वर्षं ह्या धंद्यात आहे, पुण्यातल्या कंपनीचं काम दापोलीत घरी बसून करते, आणि हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय त्याची गणती नाही, पण पडवीत बसलेल्या एकोणीस वर्षांच्या पोरीच्या तोंडून, तिच्या वडिलांच्या समोर, ते ऐकताना मला आत कुठेतरी तुटल्यासारखं झालं. तिला वाटत होतं आपलंच काहीतरी चुकलं. भावोजी काही बोलले नाहीत, पण आत जाऊन कपाटातून जुनी वही काढून आणली आणि ओटीवर ठेवली.

झालं होतं असं. यंदा तिच्याकडे नवा लॅपटॉप आला. जुन्याची बिजागरी तुटली म्हणून तो माळ्यावर गेला. नव्यावर तिने रिपो क्लोन केला, म्हणजे साईटचा सगळा कोड उतरवून घेतला, एनपीएम इन्स्टॉल चालवलं (एनपीएम म्हणजे इतरांनी लिहिलेल्या कोडची तयार पॅकेजेस आणून देणारं टूल), भाव बदलला, बिल्ड केलं, म्हणजे चढवायची प्रत तयार केली, आणि चढवलं. प्रत्येक पायरी बरोबर. फक्त एनपीएमने नव्या मशीनवर पॅकेजेस आणताना गेल्या वर्षीची आणली नाहीत, त्या दिवशी परवानगीत बसणारी सगळ्यात नवीन आणली. मी विचारलं लॉकफाईल, म्हणजे नेमकी कुठली व्हर्जन्स आणली ते लिहून ठेवणारी फाईल, कुठाय. तर ती गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने नोंदवायच्या नाहीत अशा फाईल्सच्या यादीत. तिला कुणीतरी सीनियरने सांगितलं होतं की त्या फाईलमुळे मर्ज कॉन्फ्लिक्ट येतात, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करताना अडकतात, ती मशीनची फाईल आहे, आपली नाही, टाकून दे तिकडे. हे ऐकलं की मला आजही राग येतो, त्या सीनियरचा असा नाही, पण हा सल्ला इतक्या सहजपणे इतक्या पोरांना दिला जातो त्याचा. मग माळ्यावरून जुना लॅपटॉप काढला, धूळ पुसली, स्क्रीन भिंतीला टेकवून उभी केली, आणि गेल्या वर्षीची लॉकफाईल, पॅकेज-लॉक डॉट जेसन, तिथे तशीच पडलेली होती. दोन्ही लॉकफाईल्स शेजारी शेजारी ठेवून डिफ, म्हणजे फरकांची यादी, काढला. शेकडो ओळींचा फरक. सायली म्हणाली, एवढं सगळं बदललं? कुणी?

कुणीच आणि सगळ्यांनीच.

पॅकेज डॉट जेसनमध्ये, म्हणजे साईटला लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीत, तिने पंधरा-वीस नावं लिहिली होती. खरंतर तीही तिने लिहिली नव्हती, इन्स्टॉल करताना एनपीएमने लिहिली, आणि प्रत्येक व्हर्जनच्या आकड्याच्या आधी ती छोटी टोपी लावली, ^ अशी. बहुतेक लोक ती टोपी बघतच नाहीत. ^१.४.२ म्हणजे १.४.२ किंवा त्याच्या पुढचं काहीही चालेल, २.०.० च्या अलीकडे. टोपीऐवजी ~ असतं तर १.५.० च्या अलीकडेच थांबलं असतं. आणि शून्याने सुरू होणाऱ्या आकड्यांना टोपी वेगळ्याच हिशोबाने लागते, ^०.४.२ फक्त ०.४ च्या घरातच फिरतं, कारण शून्याचं पॅकेज म्हणजे अजून ठरलेलं नाही असं धरतात. ही पंधरा-वीस नावं आपापल्या खाली आणखी नावं घेऊन येतात, ती आणखी, आणि ही पॅकेजेस जिथे येऊन पडतात ते नोड मॉड्यूल्सचं फोल्डर उघडलं तर आत हजाराच्या आसपास पॅकेजेस. त्यातल्या प्रत्येकाच्या पॅकेज डॉट जेसनमध्येही टोप्याच. आपण वरच्या वीस नावांच्या टोप्या काढल्या, आकडे पक्के केले, तरी खालच्या हजारांच्या टोप्या तशाच राहतात. हे सायलीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ त्या डिफकडे बघत राहिली.

तिला समजावताना माझ्या तोंडी आपोआप आमच्या अप्पांचं कलम आलं. अप्पा पावसाळ्याच्या तोंडावर रायवळाच्या कोयी मातीत घालायचे, त्याला तांबूस लुसलुशीत रोप फुटलं की हापूसच्या चांगल्या झाडाची काडी त्यावर बसवून प्लॅस्टिकची पट्टी गच्च बांधायचे, आणि आम्हा पोरांना पट्टीचं दुसरं टोक धरायला लावायचे. मी एकदा विचारलं होतं, हापूसचीच कोय का नाही पुरत सरळ. ते म्हणाले, कोय पुरलीस तर आंब्याचं झाड येईल, हापूस येईल असं नाही. कोयीतून येणारं झाड आपल्या मर्जीने येतं, काडीतून येणारं झाड म्हणजे तेच झाड पुन्हा. सायलीच्या पॅकेज डॉट जेसनमध्ये कोय होती. लॉकफाईलमध्ये काडी होती, कुठल्या झाडाची, कुठल्या फांदीची, सगळं लिहिलेलं, हजारही पॅकेजेसचं नेमकं व्हर्जन, ती कुठून आणली तो पत्ता आणि प्रत्येकापुढे ती लांबलचक अक्षरांची ओळ, जिच्यावरून एनपीएम तपासतं की आलेली फाईल बाईट न बाईट तीच आहे की नाही. सायलीला ती अक्षरं म्हणजे कचरा वाटायची. मी म्हटलं, अगं त्या फाईलमधलं सगळ्यात मोलाचं तेच आहे.

दोषी पॅकेज सापडलं ते तिने कधी नावही न ऐकलेलं, एका कॅलेंडरच्या पॅकेजच्या खालचं. त्याचा मधला आकडा वाढला होता आणि तारीख छापायची पद्धत सांगितली नसेल तर काय धरायचं, ते नव्या व्हर्जनमध्ये बदललं होतं, दिवस आधीऐवजी महिना आधी. चेंजलॉगमध्ये, म्हणजे पॅकेजच्या बदलांच्या यादीत, तशी एक ओळ होती. लिहिणाऱ्याने लपवलं नव्हतं. त्याच्या दृष्टीने तो छोटा बदल होता, जगातल्या कुठल्यातरी दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला काय माहीत की इकडे पुण्यात कुणाच्या मुंजीचा आमरस त्या ओळीवर अवलंबून आहे.

तीन आकड्यांची ही पद्धत, सेमॅन्टिक व्हर्जनिंग, गिटहबच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या टॉम प्रेस्टन-वर्नरने लिहून काढली. पहिला आकडा वाढला तर जुनं मोडेल, दुसरा वाढला तर नवीन आलंय पण जुनं चालेल, तिसरा वाढला तर फक्त दुरुस्ती. वाचायला इतकं स्वच्छ की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार आवडलं होतं, अजूनही आवडतं. पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे, की पॅकेज लिहिणाऱ्याला माहीत असतं आपण काय मोडतोय. गूगलमधल्या हायरम राईटच्या नावाने एक निरीक्षण ओळखलं जातं, की वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या कोडची प्रत्येक दिसणारी सवय कुणी ना कुणी धरून बसलेलं असतं, तुम्ही तिचं वचन दिलेलं असो वा नसो. तारीख छापायची न सांगितलेली पद्धत ही अशीच एक सवय. मग दुसरा आकडा आणि तिसरा आकडा ह्यातला फरक हा मशीनने तपासलेला नसतो, तो एका माणसाचा अंदाज असतो, बहुतेक वेळा रात्री, नोकरीहून आल्यावर, फुकट केलेल्या कामाच्या शेवटी घेतलेला. मला त्या माणसांबद्दल खूप माया वाटते. आपण त्यांच्यावर रागावण्याआधी आपल्याकडे लॉकफाईल आहे का ते बघावं असं मला वाटतं.

२०१६ चा शिमगा आठवतो. मी पुण्याहून गावी आले होते, त्या वर्षी होळी २३ मार्चला होती, ढोलाचा आवाज खालच्या वाडीतून वर येत होता आणि मी अंगणाच्या कडेला, जिथे मोबाईलला जरा रेंज यायची तिथे उभं राहून वाचत होते की लेफ्ट-पॅड गेलं. ११ ओळींचं पॅकेज, मजकुराच्या डावीकडे ठरलेल्या लांबीपर्यंत मोकळ्या जागा भरणारं. अझर कोचुलू नावाच्या माणसाचं किक नावाच्या पॅकेजवरून एका कंपनीशी वाजलं, एनपीएमने ते नाव कंपनीला द्यायचं ठरवलं, आणि त्याने आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली, त्यात हेही. आणि जगभरची बिल्डं कोसळली, कारण नवं जावास्क्रिप्ट जुन्या ब्राऊझरसाठी बदलून देणाऱ्या बेबेलसारख्या टूल्सच्या पोटात खोलवर हे होतं. लोकांना ह्यातलं ११ ओळींचं आणि भांडणाचं लक्षात राहिलंय, पण मला त्यातला दुसरा तुकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. काही मिनिटांतच एका दुसऱ्या डेव्हलपरने तंतोतंत तसंच काम करणारं लेफ्ट-पॅड १.०.० म्हणून चढवलं होतं. तरी बिल्डं पडतच राहिली. कारण साखळीतलं एक पॅकेज नेमकं ०.०.३ मागत होतं, टोपी नाही काही नाही, ०.०.३ म्हणजे ०.०.३. शेवटी एनपीएमने काढलेलं व्हर्जन पुन्हा जागेवर ठेवलं, तेव्हा थांबलं. म्हणजे आकडा घट्ट धरल्याने तू वाचतेस असंही नाही, मी सायलीला सांगितलं. त्यानंतर एनपीएमने काढून घेण्याचे नियम कडक केले, ७२ तासांनंतर इतरांच्या उपयोगात असलेलं पॅकेज असं सहज काढता येत नाही.

लॉकफाईलवर माझा जीव बसला तो मात्र निसर्ग वादळाने. ३ जून २०२०. सकाळपासून वारा, दुपारी कौलं उडायला लागली, सुपारीची झाडं काड्या मोडाव्यात तशी एकामागून एक जायला लागली, आणि संध्याकाळी सगळं थांबलं तेव्हा बाहेर नुसता ओल्या मोडक्या लाकडाचा वास. खांब आडवे, तारा रस्त्यावर, टॉवर बंद. लाईट यायला किती दिवस लागतील कुणाला सांगता येत नव्हतं. लॉकडाऊन असल्यामुळे पुण्यालाही जाता येत नव्हतं. आमच्या आळीत एकाकडे जनरेटर होता, तिथे पाळीपाळीने सगळे मोबाईल चार्ज करायचे, मीही लॅपटॉप नेऊन लावायचे. एका रात्री कामाच्या प्रोजेक्टची दुसरी ब्रँच, म्हणजे त्याच कोडची वेगळी फांदी, घेतली, तिला जुनी पॅकेजेस लागत होती, नेट शून्य. एनपीएम सीआय चालवलं, ऑफलाईनचा पर्याय देऊन, आणि ते चाललं. मागे कधीतरी आणलेलं सगळं मशीनच्या कॅशमध्ये, म्हणजे साठवणीत, होतं आणि कुठलं घ्यायचं हे लॉकफाईलमध्ये लिहिलेलं होतं, त्यामुळे बाहेर कुणाला विचारायची गरजच पडली नाही. त्या दिवसांत वाडीत कुणाचंच काही जागेवर नव्हतं. बाहेर काळाकुट्ट अंधार, बेडूक ओरडतायत, आणि टर्मिनलवर ती ओळ आली, इतकी इतकी पॅकेजेस घातली. मला भरून आलं होतं. ते सांगून कुणाला पटणार नाही, पण आलं होतं.

सीआय आणि इन्स्टॉल ह्यातला फरक फार लोक जाणत नाहीत. इन्स्टॉल जुळवून घेतं. पॅकेज डॉट जेसन आणि लॉकफाईल ह्यांच्यात तफावत दिसली तर ते आपलं आपण लॉकफाईल बदलून मोकळं होतं. सीआय तसं करत नाही, जुनं नोड मॉड्यूल्स पुसून टाकतं, लॉकफाईलमध्ये आहे तेच आणतं, आणि तफावत दिसली तर सरळ थांबतं. सर्व्हरवर बिल्ड करताना, नवीन मशीनवर काम सुरू करताना, मी नेहमी हेच वापरते आणि सायलीलाही तेच सांगितलं.

पण नुसतं धरून बसणं ह्यालाही काही अर्थ नाही हेही मी बघितलंय. एका जुन्या नोकरीत एक प्रोजेक्ट होता, लॉकफाईल अगदी व्यवस्थित, कुणी कधी हातच लावला नव्हता, वर्षानुवर्षं. सगळ्यांना त्याचा अभिमान होता, बघा कसं स्थिर आहे. मग एक दिवस सर्व्हरवरचं नोड, म्हणजे ज्यावर हे सगळं जावास्क्रिप्ट चालतं ते, नवीन झालं. नोड १७ पासून आत ओपनएसएसएल ३ ही एन्क्रिप्शनची लायब्ररी आली, आणि बिल्ड करणारं जुनं टूल वेबपॅक ४ हॅशसाठी एमडी४ नावाची जी जुनाट पद्धत वापरतं ती त्यात नेहमीच्या यादीतून गेली होती. डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड, अशी ती एरर, ज्यांनी बघितलीये त्यांना पाठ असेल. सगळ्यांनी जुनी पद्धत चालू ठेवणाऱ्या लेगसी प्रोव्हायडरचं ठिगळ लावलं आणि पुढे गेले. पॅकेजेस कुलूपबंद होती पण नोड नव्हतं. आणि आता वेबपॅक वर न्यायचं तर प्लगिन्स वर न्यायला हवीत, ती नेली तर बाकीचं जुळत नाही, एनपीएम ७ पासून पीअर डिपेन्डन्सी, म्हणजे एका पॅकेजला शेजारच्या पॅकेजचं हवं असलेलं व्हर्जन, जुळली नाही की इन्स्टॉलच अडतं, मग लोक लेगसी-पीअर-डेप्सचा झेंडा लावून तेही दाबतात. वर्षभरात थोडं थोडं करायचं काम पाच वर्षं साठलं की ते अपग्रेड राहत नाही, नव्याने लिहिणं होतं. त्या टीममधली माणसं चांगली होती, हुशार होती, फक्त कुणाच्याच कामाच्या यादीत ही गोष्ट कधी आली नाही.

अप्पांच्या कलमाचंही तसंच की. काडीतून हापूस येतो तसा हापूसचा साकाही येतो. बाहेरून फळ सुंदर, कापलं की आत पांढरट भुसभुशीत. तो दोष प्रत्येक कलमाबरोबर पुढे जातो, कितीही काळजीने बांधा. आमच्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस ह्यांच्या संकरातून रत्ना काढला, १९८१ साली, त्यात साका नाही. तो एका दिवसात आला नाही, झाडं लावली, फळं यायची वाट बघितली, कापून बघितली, मग लोकांना दिला. मला अपग्रेड असं हवं असतं, कुणीतरी आधी कापून बघितलेलं. लॉकफाईल सुरक्षेची भोकंही तितक्याच इमानाने जपते, हे एनपीएम ऑडिट चालवलं की दिसतं. त्यातल्या सगळ्याच इशाऱ्यांनी घाबरायचं कारण नसतं, बिल्डपुरत्या लागणाऱ्या पॅकेजमधलं भोक आणि गिऱ्हाईकाच्या ब्राऊझरपर्यंत जाणाऱ्या पॅकेजमधलं भोक सारखं नाही, पण ते वाचावं तरी लागतं. ऑडिट फिक्स फोर्स मात्र डोळे मिटून चालवू नये, ते पहिला आकडाही हलवतं.

आणि नवीन ते लगेच घ्यावं का, ह्याबद्दल माझं मत गेल्या काही वर्षांत पार बदललंय. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या पॅकेजचं झालं. डॉमिनिक टारने ते पॅकेज कधीच वापरणं सोडलं होतं, एकाने मदत करतो म्हणून मेल केली, ह्याने चावी दिली. त्या माणसाने सप्टेंबरमध्ये एक नवीन छोटं पॅकेज आत जोडलं, निरुपद्रवी, आणि ऑक्टोबरमध्ये त्या छोट्या पॅकेजच्या पुढच्या व्हर्जनमध्ये विष घातलं, कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेटमधले पैसे चोरायला. नोव्हेंबरमध्ये कळलं. जानेवारी २०२२ मध्ये कलर्स नावाच्या पॅकेजच्या लेखकाने स्वतःच त्यात कधी न संपणारं लूप टाकलं, १.४.० नंतरचं १.४.१, म्हणजे तिसरा आकडा, फक्त दुरुस्ती. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग, जी जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टच्या पोटात असतात, त्यांच्या मेंटेनरला, म्हणजे ती सांभाळणाऱ्याला, एनपीएमच्या नावाने खोटी मेल आली, लॉगिन गेलं, आणि १८ पॅकेजेसची विषारी व्हर्जन्स चढली. दोनेक तासांत ती पकडली गेली. त्या दोन तासांत ज्यांनी लॉकफाईलशिवाय ताजं इन्स्टॉल केलं त्यांच्याकडे ती आली, ज्यांनी सीआय चालवलं त्यांच्याकडे जुनीच राहिली. म्हणून मी आता नवीन व्हर्जन निघालं की काही दिवस थांबते. एनपीएमसारख्याच पीएनपीएम नावाच्या टूलमध्ये तर तशी सेटिंगच आलीये, इतक्या मिनिटांपेक्षा ताजं व्हर्जन घेऊच नको म्हणून. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर थांबायचं नाही, तेवढा अपवाद.

थांबायचंही आणि साठवूनही ठेवायचं नाही. ह्या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद आहे आणि ती कुठलं टूल शोधून देत नाही. डिपेन्डाबॉट असो की रेनोव्हेट, नवीन व्हर्जन निघालं की ही टूल्स पुल रिक्वेस्ट, म्हणजे हा बदल घ्या अशी विनंती, उघडून देतात, हे उपयोगाचंच आहे, पण मी अशा टीम्स बघितल्यात जिथे शंभर पुल रिक्वेस्ट उघड्या पडल्यात आणि कुणी बघत नाही, आणि अशाही बघितल्यात जिथे चाचण्यांची हिरवी टिक आली की न वाचता मर्ज. दोन्हीकडे माणूस हजर नाही. माझ्या मते हे काम एका माणसाचं असावं, ठरलेल्या वेळी, चहा घेऊन बसून, चेंजलॉग उघडून वाचायचं. कंटाळवाणं आहे. मला आवडतं. दर वेळी कुणा अनोळखी माणसाने काय दुरुस्त केलं, का केलं, कुणी तक्रार केली होती, हे वाचताना त्या हजार नावांतली काही नावं ओळखीची होत जातात. आणि काही नावं बघून वाटतं, ह्याची आपल्याला गरज आहे का खरंच? सायलीच्या प्रोजेक्टमधून आम्ही त्या दिवशी तीन पॅकेजेस काढूनच टाकली, त्यांचं काम ब्राऊझर स्वतः करतो. त्या तिघांबरोबर खालची कितीतरी गेली.

सायलीचं वाक्य मला का लागलं ते नंतर हळूहळू कळलं. तिला वाटत होतं की आपण हात लावला नाही म्हणजे गोष्ट आहे तशी राहते. शेती करणाऱ्या घरातल्या पोरीला असं वाटावं ह्याचं मला आश्चर्य वाटलं, कारण तिच्या वडिलांनी बागेत एक वर्ष काही केलं नाही तर काय होतं ते तिने डोळ्यांनी बघितलंय, बांडगूळ चढतं, रान माजतं, खोडकिडा लागतो. कॉम्प्युटरबद्दल मात्र आपण सगळ्यांनीच पोरांना शिकवलंय की ते जसं ठेवलं तसं राहतं, तिला तरी कुठे दोष द्यायचा. कॉलेजात तिला रिअॅक्टचे हुक्स शिकवले, स्टेट शिकवली, त्या टोपीबद्दल कुणी एक तास घेतला नाही. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. पोरं नोकरीला लागली की पहिल्याच आठवड्यात ज्या गोष्टीशी झटापट होते ती अभ्यासक्रमात कुठेच नाही.

त्या संध्याकाळी आम्ही जुनी लॉकफाईल नव्या लॅपटॉपवर आणली, गिटइग्नोरमधून ती ओळ काढली, फाईल कमिट केली, नोडचं व्हर्जन एनव्हीएमआरसी नावाच्या फाईलमध्ये लिहिलं, एनपीएम सीआय चालवून बिल्ड चढवलं. पण तेवढ्यावर मी तिला सोडलं नाही. तारीख छापताना कशी छापायची ते कोडमध्ये स्वतः लिहायचं, दुसऱ्याच्या न सांगितलेल्या सवयीवर आपली पावती टांगायची नाही, म्हणून तीही ओळ तिनेच लिहिली, आणि महिना अक्षरात टाकला, एप्रिल असा, मराठीत. जुना लॅपटॉप नसता तर काय केलं असतं असं तिने विचारलं. तेव्हा तिला एनपीएमचा बिफोर नावाचा पर्याय दाखवला, एक तारीख दिली की त्या तारखेपर्यंत जे निघालं होतं तेवढ्यातूनच निवडतो. पूर्ण खात्रीचा नाही, पण गेल्या वर्षीच्या जवळपास पोचवतो. तिला ते इतकं आवडलं की तिने नुसतं गंमत म्हणून वेगवेगळ्या तारखा घालून बघितल्या, जेवायला ताईने तीनदा हाका मारल्या तरी उठेना. भावोजींनी मात्र वहीतच सगळ्या गिऱ्हाईकांचे नंबर काढून एकेकाला स्वतः फोन केला, तारीख अशी आहे, पावतीवर चुकून तशी आलीये. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. वही त्यांनी नंतरही ओटीवरच ठेवली, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता महिन्यातून एकदा रविवारी आम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर बसतो, ती आंजर्ल्यात, मी दापोलीत. एनपीएम आउटडेटेड चालवायचं, यादी वाचायची, तिसऱ्या आकड्याचे बदल एकत्र, दुसऱ्या आकड्याचे एकेक करून, प्रत्येकाचा चेंजलॉग तिने वाचून मला दोन वाक्यांत सांगायचा. सुरुवातीला इंग्रजी वाचून कंटाळायची, आता मलाच सांगते की ह्यांनी हे कारण दिलंय पण मला ते पटत नाही. एक आतलं पॅकेज अजून जुन्यावर धरून ठेवावं लागलंय, पॅकेज डॉट जेसनमधल्या ओव्हरराईड्समध्ये लिहून, आणि त्याच्या शेजारी रीडमीत तारीख घालून कारण लिहिलंय, कारण न लिहिलेलं ओव्हरराईड पुढच्या माणसाला काढायची हिंमत होत नाही. पहिल्या आकड्याला मात्र आंबा संपेपर्यंत हात लावायचा नाही हे ठरलंय. तिची साईट क्रिएट रिअॅक्ट ॲप नावाच्या टूलवर आहे आणि रिअॅक्टच्या टीमने ते फेब्रुवारी २०२५ मध्येच नव्या कामासाठी बाद ठरवलं, तेव्हा ती व्हीट नावाच्या दुसऱ्या टूलवर न्यायलाच हवी. शेवटची पेटी गेली की जूनमध्ये करायचं. तिने ब्रँच काढून ठेवलीये, आधी नोड, मग व्हीट, मग रिअॅक्ट, एका वेळी एकच आणि प्रत्येकाचा कमिट वेगळा. पावसात लाईट कशी राहते त्यावर किती लवकर होईल ते ठरेल.